उरलेलं पेरॉक्साईड

जाफर गेट,
२० जानेवारी २०२५

दीपमाला,

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून कागदावर लिहिते. कागद ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतो, आणि वाचल्याशिवाय तू फाडणार नाहीस. एम.एस्सी.ची दोन वर्षं एका टेबलावर काढलीत आपण. माझ्या फ्लास्कमध्ये काय चाललंय हे बघितल्याशिवाय तुला तेव्हाही चैन पडायचं नाही.

पेपरात फोटो आला त्यात माझा काय दोष? 'रंगाचं पाणी नितळ करणारी लेक' हे त्या पत्रकारानं त्याच्या मनानं लिहिलं. मी नुसती टाकीशेजारी उभी होते. ओढणीवरचा डागसुद्धा छापलाय त्यानं.

आता कामाचं. अब्बांच्या रंगखान्याला प्रदूषण खात्याची नोटीस आली आहे. हिमरूच्या शालींचं सूत रंगवून उरलेलं पाणी आमच्याकडं वर्षानुवर्षं नालीत जायचं, ते आता चालणार नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस खात्याचे लोक नमुना न्यायला येतील. पास झाला तर भट्टी पेटती राहील, नाही तर कुलूप. अब्बांना सूत रंगवण्याशिवाय दुसरं काही येत नाही आणि शिकायचं त्यांचं वय नाही.

म्हणून मी शेडमागं टाकी बसवली. रंगाच्या पाण्यात हिराकस आणि पेरॉक्साईड टाकून रंग तोडते, मग चुना टाकून लाल गाळ खाली बसवते. वरचं पाणी असं दिसतं की एखादा पिऊन टाकेल, आणि मला भीती त्याचीच आहे. लाल रंगाचा रेणू मधोमध तुटला की रंग लगेच जातो. पण जे तुकडे उरतात, ते अमाइन, ते बिनरंगाचे असतात आणि मूळ रंगापेक्षा वाईट. ते पुढं जाळत नेले तरच पाणी साफ झालं म्हणायचं. डोळ्यांना यातलं काही कळत नाही.

माझ्याकडं पत्र्याची शेड आणि पीएचचे कागद. तुझ्याकडं एसी लॅब, मशिनी, गळ्यात कार्ड. मला हेवा वाटतो, लिहून देते. फरदीन सकाळच्या शिफ्टला वाळूजला येतो, तो तुमच्या गेटवर या पाण्याचा डबा देईल. काय असेल ते खरं सांग.

लाइबा

---

वाळूज,
२९ जानेवारी

लाइबाबाई,

डबा मिळाला. तुझा भाऊ गेटवर 'दीपमालादीदी' म्हणून असा ओरडला की वॉचमनला वाटलं पाहुणे आले.

फोटोचं तूच काढलंस म्हणून सांगते. आईनं तो कापून फ्रिजवर चिकटवलाय. तो फ्रिज मी घेतलाय, माझ्या पहिल्या बोनसमधून. माझ्याच घरी थंड पाणी प्यायचं तर आधी तुझं तोंड बघायचं. दर रविवारी मी फुलंब्रीला गेले की आई सुरू होते. "लाइबा बग, बापाचा धंदा वाचवाया लागली. अन् तू दुसऱ्याच्या गटारीचं पाणी मोजत बसती." बाकीचे सहा दिवस शेजारणींना सांगत असंल. कॉलेजात सरांनी तुझा प्रयोग सगळ्या वर्गाला दाखवला होता, तेव्हापासून हे चालूय. माझाही प्रयोग त्या दिवशी बरोबर आला होता, पण तो बघायला कुणी थांबलं नाय.

आता तुझं पाणी. सीओडी लावला. तुला सांगायला नको, पण चाचा वाचतील म्हणून सोपं करून लिहिते. पाण्यात एक जहाल केमिकल टाकून उकळायचं आणि पाण्यातली घाण त्यातलं किती खाते ते मोजायचं. जास्त खाल्लं म्हणजे घाण जास्त. तुझ्या पाण्यानं मर्यादेच्या दुप्पट खाल्लं. शिवाय टिपकागदावर मेथीचे दाणे तुझ्या पाण्यात भिजत ठेवले. शेजारी नळाच्या पाण्यातल्या दाण्यांना मोड आले, तुझे गप पडून राहिले. रंग गेला, विष राहिलं. तुझी भीती खरी निघाली.

खोटं कशाला बोलू, आकडा बघितला आणि त्या दिवशी मला कॅन्टीनचा चहासुद्धा गोड लागला.

नमुना असाच दिलास तर नापास होणार. फोटो छापून आणणं वेगळं आणि पाणी साफ करणं वेगळं, हे चाचांनाही सांग.

दीपमाला

---

जाफर गेट,
४ फेब्रुवारी

दीपमाला,

तुझा आकडा चुकायचा नाही. एक थेंब जास्त पडला तर सबंध टायट्रेशन परत करणारी तू. मी कसली वाद घालते तुझ्याशी.

पत्र अब्बांना वाचून दाखवलं, फक्त चहाचं वगळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "दीपमाला बोली तो सहीच बोली होगी." बस, एवढंच. मी महिनाभर टाकीशी झटले, माझे हात चुन्यानं सोलून निघाले, त्याबद्दल एक शब्द नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. आमच्या घरी तुझं नाव कसं घेतात ते तू ऐकलं नाहीस. "दीपमाला को देखो. गाँव से आके नौकरी पकडी. माँ को फ्रिज लेके दी. और तू रंग में हाथ डालके बैठी." तू ईदला शीरखुर्मा खायला यायचीस, तू गेल्यावर मला तो कडू लागायचा. तुमच्या घरी माझा फोटो, आमच्या घरी तुझी जपमाळ. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं.

असो. घाण जळायची बाकी आहे म्हणतेस, तर पेरॉक्साईड वाढवलं. दुसरा डबा फरदीनसोबत पाठवते. एक विनंती आहे. हा डबा शिकाऊ पोरींच्या हातात देऊ नकोस, तुझ्या स्वतःच्या हातानं तपास आणि खाली सही करून पाठव. अब्बांचा तुझ्या सहीवर भरवसा आहे.

लाइबा

---

वाळूज,
११ फेब्रुवारी

लाइबा,

स्वतःच्या हातानं तपासला. आकडा आधीपेक्षा वाढलाय. औषध वाढवलं आणि दुखणंही वाढलं, असं हे तुझं पाणी. मेथी या खेपेलाही मेली. खाली सही आहे, बघून घे.

डब्याचं झाकण फुगलं होतं, उघडताना सुस्कारा निघाला. फरदीनच्या बसमध्ये हिंदकळलं असेल. डबे भरताना जरा नीट भरत जा, हे तुला कॉलेजातही जमायचं नाय.

चाचा माझं नाव काढतात हे वाचून बरं वाटलं. मला वाटायचं, त्यांच्या लेखी मी नुसती 'वो फुलंब्रीवाली'. दोनदा वाचलं ते वाक्य. मग जरा कसंनुसंही झालं, पण ते जाऊ दे.

माझं ऐकशील तर ती टाकी मोडीत घाला. सगळ्यांनाच सगळं येत नसतं. उरलेल्यातलं थोडं पाणी बाटलीत भरून रविवारी घरी नेणार आहे. आईला दाखवते तिच्या लाइबाचं नितळ पाणी.

दीपमाला

---

वाळूज,
१७ फेब्रुवारी

लाइबा,

चाचांना टाकी मोडू देऊ नको. मोडली असंल तर परत बसव. चूक माझी आहे, दोन्ही खेपेला.

काल संकष्टी होती. आई चुलीपुढं बसून उपासाच्या भाजीला बटाट्याचे काप करत होती. मी तुझं पाणी ग्लासात ओतून तिच्यापुढं धरलं. ती म्हणाली, "किती नितळ हाय गं, गंगेवानी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "नितळ हाय पण विष हाय, तुझी लाइबा नुसती फोटोपुरती हाय," असं म्हणता म्हणता हात हलला आणि अर्धा ग्लास तिच्या ताटात सांडला. कापांवर फेस चढला, लाइबा. पांढरा, भसाभसा. आई म्हणाली, "आगं, हे फसफसायलंय कशानं?"

मी एक काप उचलून बघितला. कच्चा बटाटा फसफसवतो ते पेरॉक्साईडला. त्याचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतो. हा प्रयोग आपण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला केलाय. तुझ्या पाण्यात पेरॉक्साईड उरलं होतं, आणि उरलेलं पेरॉक्साईड सीओडीचं केमिकल स्वतःच खातं. म्हणजे मी घाण मोजतच नव्हते, तुझं औषध मोजत होते. तू जितकं वाढवलंस तितका माझा आकडा वाढला. मेथीही त्यानंच मेली.

आमच्या लॅबच्या भिंतीवर पाटी आहे. 'पेरॉक्साईड वापरलंय का? आधी ते मारा, मग सीओडी लावा.' ती पाटी माझ्या अक्षरातली आहे. शिकाऊ पोरींना मीच ती रोज वाचायला लावते. तुझ्या पहिल्याच पत्रात पेरॉक्साईड हा शब्द होता. झाकण फुगलेलं मी डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या कुणाचा डबा असता तर पहिली शंका मला तीच आली असती. पण तुझ्या पाण्याचा जो आकडा मला पाहिजे होता तो आला, मग मी पुढं बघितलंच नाय. तुझं नाव त्या डब्यावर नसतं तर मी चुकले नसते. आईला दाखवायला गेले ते हात दाखवून अवलक्षण झालं.

आज सकाळी दोन्ही डब्यांतलं पेरॉक्साईड मारून पुन्हा तपासलं. सीओडी दोन्हींचा मर्यादेत. मग अमाइन शोधायची रंगाची परीक्षा केली. पहिल्या डब्यात फिकट गुलाबी आलं, म्हणजे तुझी भीती खरी होती, थोडे तुकडे शिल्लक होते. दुसऱ्यात गुलाबी अजिबात नाही. तू औषध वाढवलंस तेच बरोबर होतं. फक्त चुना टाकल्यावर पाणी रात्रभर राहू दे. सकाळी बटाट्याची फोड टाक, फेस आला नाही की मगच नमुना दे. लाल गाळ नालीत सोडू नको, तो वेगळा साठव, कुठं द्यायचा ते मी सांगते.

आईला सगळं सांगितलं. तिनं ते बटाटे फेकले, नवे सोलायला घेतले आणि म्हणाली, "म्हंजी लाइबाचंच बरोबर व्हतं म्हण की." मी व्हय म्हणलं.

दीपमाला

---

जाफर गेट,
१९ फेब्रुवारी

दीपमाला,

तुझं पत्र वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का, ते सांगते.

मला तुझी चूक तुझं पहिलं उत्तर आलं त्याच संध्याकाळी कळली होती. पहिला डबा मी चुना टाकल्या टाकल्या घाईत भरला होता, फरदीनची बस सुटत होती. मेथी मेल्याचं वाचलं आणि उठून टाकीतल्या पाण्यात बटाट्याची फोड टाकली. फेस आला. तेव्हाच लिहायला हवं होतं की बाई, तुझी पाटी वाच. नाही लिहिलं. तुझ्या सहीची एक चूक मला माझ्या घरात हवी होती. एक पुरली नाही, म्हणून दुसऱ्या डब्यात पेरॉक्साईड मुद्दाम वाढवलं आणि वर साळसूदपणे लिहिलं की स्वतःच्या हातानं तपास. दोन्ही कागद अब्बांपुढं टाकून म्हणणार होते, घ्या, ही तुमची दीपमाला. तुला पाडायला जे जास्त ओतलं त्यानंच पाणी साफ झालं, हे मला तुझ्याकडून कळावं, याचाही मला रागच आला.

पण अब्बा माझ्या डावासाठी थांबले नाहीत. तुझं दुसरं पत्र वाचलं त्या दिवशी ते मला न विचारता कचरूशेठ मोडवाल्याकडं गेले आणि रंगाच्या तांब्याच्या देगा द्यायचा शब्द देऊन आले. शुक्रवारी नमाजनंतर टेम्पो येणार. त्या देगा गेल्या की खात्यानं पास केलं काय आणि नापास केलं काय, रंगवणार कशात? तसल्या घडवणारा माणूस आता शहरात राहिलेला नाही.

मी त्यांच्यापुढं बटाटा घेऊन बसले. फेस दाखवला. म्हणाले, "तू जलती है उससे, मेरे को मालूम नहीं क्या?" मग तुझं परवाचं पत्र वाचून दाखवलं, अक्षर दाखवलं. त्यावर काय म्हणावं माणसानं? "सहेली है. तेरा दिल रखने वास्ते लिखी." तुझा खरा शब्द त्यांना माझ्यावरची दया वाटतो आणि चुकीचा शब्द कुराणासारखा. मी रडले नाही, पण देगेला लाथ मारली आणि पाय सुजला.

आता ते फक्त तुझ्या तोंडचं ऐकतील. शुक्रवारी दुपारच्या आत ये. मला तुला बोलवावं लागतंय हे लिहिताना माझं काय होतंय ते तुला बरोबर कळेल. तरी ये.

लाइबा

---

जाफर गेट,
१२ मार्च

दीपमाला,

नमुना पास झाला. कागद काल आला. खात्याच्या माणसानं पाणी उजेडात धरून बघितलं आणि विचारलं, हे टाकीतलंच ना? मी म्हटलं, हो, शंका असेल तर बटाटा आणा. त्याला काही कळलं नाही. रमजान चालू आहे, अब्बा रोजा धरून भट्टीपुढं बसतात, आज हिरवं सूत काढलं. देगा जागेवर आहेत. म्हणजे जे हवं होतं ते सगळं झालं.

आता माझं ऐक.

त्या शुक्रवारी तू आलीस. टेम्पो दारात उभा, कचरूशेठची माणसं दोर बांधायला लागलेली, आणि तू कंपनीचं कार्ड गळ्यात तसंच ठेवून आत शिरलीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, "चाचा, चूक माझी आहे. लाइबाचं पाणी चांगलं होतं. ती पडावी असं मला वाटत होतं, म्हणून मी नीट तपासलं नाय." अब्बांनी तुझ्याकडं बघितलं, मग दोर सोडायला सांगितला. कचरूशेठ चहा पिऊन, कुरकुरत, रिकाम्या टेम्पोनं गेला. मी कोपऱ्यात सुजलेला पाय घेऊन उभी होते. मला तुझा इतका आधार वाटला की काय सांगू.

तो आधार इफ्तारपर्यंतसुद्धा टिकत नाही आता. कारण रोज कुणी ना कुणी पाहुणा येतो, खजूर तोंडात टाकतो, आणि अब्बा सुरू होतात. "दिल हो तो दीपमाला जैसा. भरे कारखाने में खडे रहके बोली, गलती मेरी. आजकल कौन बोलता?" पाहुणा मान हलवतो. मग माझ्याकडं बघून, "सीख कुछ." टाकी मी बसवली. पेरॉक्साईडचं माप मी काढलं. पास झालेल्या कागदावर नाव माझं आहे. आणि शाबासकी तुला, ती पण चुकल्याबद्दल. मी बरोबर येऊन खाली आणि तू चुकून वर.

दुसऱ्या डब्याची माझी लबाडी तू त्यांना सांगितली नाहीस. सांगू शकली असतीस, मी स्वतः लिहून दिली होती. गप्प राहून तू आणखी एक पायरी वर चढलीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. मी ती सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि पाणी मागून गप्प बसले.

तुझ्या आईनं, लक्ष्मीमावशींनी, फरदीनबरोबर भगरीचे लाडू पाठवले, चांगले होते. फोटो अजून फ्रिजवर आहे असं कळलं. तुला काढायला सांगितलं तरी त्या काढत नाहीत, हेही कळलं. त्याच्यावर खूश होणार होते, तेवढ्यात अब्बा म्हणाले, "दीपमाला का एक फोटो मंगा. कारखाने में लगाते, देग के ऊपर." तुझ्याकडं मागतील. देऊ नकोस.

परवा तू मला अनब्लॉक केलंस आणि 'कशी आहेस' असा मेसेज टाकलास, तो मी बघितला. आता तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे. काही म्हणायचं असेल तर कागदावर लिही.

लाइबा